वॉरहॅमरची पहिली कादंबरी कुणाच्या हातात कोणती द्यावी

डोंबिवली पूर्वेला माझं वाचनालय आहे. दोन खोल्या, काउंटर आणि खिडकीजवळ एक कपाट, ज्याला सभासद ‘फोर्टी के’चं कपाट म्हणतात. त्यात वॉरहॅमर फोर्टी थाउजंडच्या कादंबऱ्या आहेत. मूळ खेळ ब्रिटिश, गेम्स वर्कशॉप या नॉटिंगहॅमच्या कंपनीचा, १९८७ सालचा. प्लास्टिकचे सैनिक जोडायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे, टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. मी स्वतः खेळत नाही. पुस्तकं मात्र बरीच वर्षं वाचतोय आणि लोकांना देतोय, आणि ती कशी द्यावीत यावर माझं पक्कं मत बनलंय.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पुस्तकात होते. नवा वाचक इंटरनेटवर शोधतो, त्याला कळतं की कथेत सगळ्यात आधी ‘होरस हेरेसी’, म्हणजे सम्राटाच्या मुलाचं, होरसचं बंड घडतं, आणि तो त्या मालिकेचं पहिलं पुस्तक ‘होरस रायझिंग’ मागतो. २००६ साली सुरू झालेली ही मालिका ५४ पुस्तकांची आहे. त्यानंतर ‘सीज ऑफ टेरा’ ही वेगळी मालिका, जी संपायला २०२४ उजाडलं. मीही एका कॉलेजच्या मुलीला तेच दिलं होतं. चौथ्या दिवशी पुस्तक परत. म्हणाली, “काका, ही माणसं कुणाच्या बाजूची आहेत तेच कळत नाही.” तिचं बरोबर होतं. ती शोकांतिका आहे, आणि काय गमावलं हे कळायला आधी ते जग अंगवळणी पडावं लागतं. तेव्हापासून मी काळाच्या क्रमाने पुस्तक देत नाही. माणूस बघून देतो.

त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: “रात्र जागून संपवलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?” ‘आवडतं पुस्तक कुठलं’ असं विचारलं की लोक शोभेचं नाव सांगतात. जागून संपवलेलं विचारलं की खरं सांगतात.

उत्तर रहस्यकथेचं आलं तर माझा हात सरळ डॅन ॲबनेटच्या ‘झेनोस’कडे जातो. २००१ सालची कादंबरी. ग्रेगॉर आयझेनहॉर्न हा इन्क्विझिटर, म्हणजे अनेक ग्रहांवर पसरलेल्या मानवी साम्राज्याचा असा तपास अधिकारी ज्याला जवळजवळ कुणीच अडवू शकत नाही, स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगतो. सुरुवात एका गोठलेल्या ग्रहावर होते. तिथले लोक लांबलचक हिवाळ्याच्या काळोखात शीतपेट्यांमध्ये झोपलेले आहेत, आणि एक गुन्हेगार त्या झोपलेल्या हजारोंच्या जिवावर उठलाय. हे वाचायला तुम्हाला खेळातलं काहीही माहीत असावं लागत नाही. पुढे छळात त्याच्या चेहऱ्याच्या नसा निकामी होतात आणि त्याला परत कधी हसता येत नाही. ही एवढीशी गोष्ट, पण तीन पुस्तकं ती तुमच्याबरोबर राहते. ‘मॅलियस’ आणि ‘हेरेटिकस’ ही पुढची दोन. तिन्ही मिळून एका सचोटीच्या माणसाची घसरण आहे. प्रत्येक तडजोड त्या क्षणी पटते, आणि शेवटी मागे वळून पाहिलं की तो कुठल्या कुठे आलेला असतो. माझ्याकडे तिन्हींचा एकत्र जाडजूड खंड आहे आणि तो कपाटात फार दिवस टिकत नाही. एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर हे घ्या.

उत्तर युद्धकथेचं किंवा सैनिकी आठवणींचं आलं तर त्याच लेखकाचं ‘फर्स्ट अँड ओन्ली’, १९९९ सालचं. तनिथ नावाच्या जंगलांच्या ग्रहावर पहिल्यांदाच पलटणी उभ्या राहतात आणि त्याच दिवशी शत्रू तो ग्रह नष्ट करतो. कमिसार, म्हणजे सैनिकांना शिस्तीत ठेवणारा अधिकारी, इब्राम गाँट जेवढे सैनिक हाती लागतील तेवढे घेऊन निघतो. ती माणसं जगतात ती त्याच्यामुळे, आणि गावाबरोबर मरू दिलं नाही म्हणून त्याचा रागही करतात.

हे पुस्तक मी एका निवृत्त मोटरमनना दिलं होतं. इंग्रजी हळू वाचतात, पेन्सिलने शब्दाखाली बारीक टिंब देतात. तीन आठवडे लावले. परत आणलं तेव्हा काउंटरवर ठेवून हात त्यावरच ठेवला आणि विचारलं, “म्हणजे त्यांना आता गाव नाहीच?” मी नाही म्हटलं. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. आणखी काही बोलले नाहीत, दुसरा भाग मागितला. दुसरा भाग ‘घोस्टमेकर’ हा सुट्या कथा धाग्यात ओवून केलेला आहे आणि तो थोडा विस्कळीत वाटतो, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. नाहीतर लोक तिथेच थांबतात आणि तिसरं, ‘नेक्रोपोलिस’, राहून जातं. एका अवाढव्य कारखानी शहराला पडलेला वेढा, गिरणीतले आणि खाणीतले लोक हातात बंदूक घेऊन उभे राहतात, आणि त्या शहराचे उरलेले लोक, बायकासुद्धा, शेवटी गाँटच्या पलटणीत सामील होतात. या मालिकेची खरी उंची तिथे कळते. म्हणून शिफारस करताना एक पुस्तक सुचवू नका, तीन पुस्तकांचा शब्द घ्या.

लोकलमध्ये वाचणारा, वेळ कमी असलेला माणूस असेल तर मिचेल स्कॅनलनचं ‘फिफ्टीन अवर्स’. शेतीवाल्या ग्रहावरचा कोवळा मुलगा भरती होतो, आणि कुठल्यातरी कार्यालयातल्या चुकीमुळे त्याची तुकडी भलत्याच ग्रहावर, भलत्याच लढाईत उतरते. नव्या सैनिकाचं आयुष्य तिथे सरासरी पंधरा तास. कागदावरची एक चूक आणि खाली माणसं मरतायत. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हलकंफुलकं हवं असेल तर सँडी मिचेलची कायफस केन मालिका, पहिलं ‘फॉर द एम्परर’. सगळ्या साम्राज्याला शूर वाटणारा आणि स्वतःला भित्रा समजणारा अधिकारी आठवणी लिहितो, आणि त्या संपादित करणारी बाई तळटीपांत त्याला खोडून काढत जाते. खूप हसवतं, पण सगळ्यात आधी हे देऊ नका. ज्या भीषण जगाची ते थट्टा करतं ते आधी दिसलेलं असलं तर थट्टेला धार येते.

ज्यांना माणसांच्याच गोष्टींचा कंटाळा आलाय त्यांना रॉबर्ट रॅथचं ‘द इन्फिनिट अँड द डिव्हाइन’, २०२० सालचं. ट्रेझिन आणि ओरायकन हे दोन अमर, धातूच्या देहात अडकलेले म्हातारे. एक वस्तुसंग्रहालय जमवणारा, दुसरा ताऱ्यांवरून भविष्य वाचणारा. एका वस्तूवरून हजारो वर्षं भांडतात. मधल्या काळात एका ग्रहावर पिढ्यान्‌पिढ्या जन्मतात आणि संपतात, यांचं भांडण चालूच. वाचून झालं की मन हुरहुरतं, कारण मध्येच कळतं की या दोघांना एकमेकांशिवाय कुणीच उरलेलं नाही.

आता होरसकडे परत. वरच्यापैकी दोन-तीन पुस्तकं वाचून झालेल्या वाचकाला मी ते स्वतःहून देतो, आणि देताना सांगतो की ही भाऊबंदकी आहे. सम्राटाचे मुलगे, प्रत्येकाच्या हाताखाली एकेक फौज, बापाचा लाडका मुलगा उलटतो आणि निम्मे भाऊ त्याच्याबरोबर जातात. मराठी वाचकाला एवढं सांगितलं की दार उघडतं. भारतयुद्ध आणि पेशवाई लहानपणापासून ऐकत आलेल्यांना ही वेदना ओळखीची आहे. ‘होरस रायझिंग’, ‘फॉल्स गॉड्स’ आणि ‘गॅलेक्सी इन फ्लेम्स’ ही तीन सलग वाचावीत आणि थांबावं. उरलेली सगळी वाचलीच पाहिजेत असं अजिबात नाही. ज्याला बंडखोर का फिरले हे समजून घ्यायचंय त्याने ॲरन डेम्बस्की-बाउडेनचं ‘द फर्स्ट हेरेटिक’ घ्यावं. ज्याला एका हल्ल्याचा तास न्‌ तास बघायचाय त्याने ॲबनेटचं ‘नो नो फिअर’.

देताना आणखी एक बोलणं मी टाळत नाही, विशेषतः मुलगा सोळा-सतराचा असेल तर. या जगातलं मानवी साम्राज्य चांगलं नाही. दहा हजार वर्षं सिंहासनावर खिळलेला सम्राट, त्याच्यासाठी रोज हजार जिवांचा बळी, प्रश्न विचारणाऱ्याला मृत्युदंड. चिलखतातल्या योद्ध्यांची चित्रं दिमाखदार असतात आणि कुणी त्यांना आदर्श मानून बसू शकतं. कंपनीनेच २०२१ साली जाहीर सांगितलं की हे साम्राज्य आदर्श म्हणून लिहिलेलं नाही. मी पुस्तक हातात देताना तेवढं म्हणतो, बाकी पुस्तक करतं. अगदी लहान मुलांसाठी ‘वॉरहॅमर ॲडव्हेंचर्स’ ही वेगळी मालिका आहे, तीच द्यावी.

विकत घेणाऱ्यांसाठी: या पुस्तकांच्या छापील प्रती संपतात आणि मग बराच काळ मिळत नाहीत. मी एका विक्रेत्याकडे संच मागवला होता, तर पहिला भाग गायब आणि दुसऱ्याच्या दोन प्रती आल्या. परत घ्यायला तो तयार झाला नाही. तेव्हा मागवण्याआधी भाग आणि आवृत्ती लेखी विचारून घ्या, आणि शक्य असेल तिथे एकत्र खंडच घ्या. डोळ्यांचा त्रास असेल तर आयझेनहॉर्न आणि गाँट दोन्ही टोबी लाँगवर्थच्या आवाजात ऐकायला मिळतात. त्याने प्रत्येक सैनिकाला वेगळा सूर दिलाय.

आणि पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी द्या. माझ्या प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर मी पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवलाय, त्यावर मराठीत आठच शब्दांचा अर्थ. वॉर्प: जिथून जहाजं जातात आणि जिथे राक्षस राहतात. कमिसार: पळणाऱ्या सैनिकाला गोळी घालण्याचा अधिकार असलेला अधिकारी. हाइव्ह: डोंगराएवढं उंच शहर. केऑस: वॉर्पमधल्या शक्ती आणि त्यांचे भक्त. सायकर: मनाच्या अद्भुत शक्ती असलेला माणूस. सर्व्हिटर: अर्धं यंत्र केलेला माणूस. लासगन: लेझरची बंदूक. ॲस्टार्टीज: चिलखतातले ते महायोद्धे. नवव्या शब्दाची गरज पहिल्या शंभर पानांत पडत नाही. ‘नेक्रोपोलिस’च्या चिठ्ठीवर मोटरमनसाहेबांनी पेन्सिलने एक शब्द वाढवलाय. तनिथ: गेलेलं गाव. तो मी पुसलेला नाही.