सोन्याचे नॅनोरॉड होत नाहीत? या चुका टाळा

सोन्याचे नॅनोरॉड म्हणजे सोन्याचे काडीसारखे अतिसूक्ष्म कण. डिसेंबरात बेळगावात सकाळी लॅब उघडली की सीटॅबच्या (या कणांना वेढून ठेवणारं साबणासारखं रसायन) बाटलीत तळाशी पांढऱ्या सुया दिसतात. खानापूरहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने वरचंच नितळ द्रावण पिपेटने घेतलं. दिवसभर खटपट केली आणि हाती आलं गुलाबी पाणी, म्हणजे रॉडऐवजी गोळे. सीटॅब साधारण २५ अंशांखाली स्फटिक होऊन बाहेर पडतो. मग बाटलीवर ०.२ मोलर लिहिलेलं असलं तरी वरच्या पाण्यात किती उरला, देव जाणे! बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुया पार विरघळू द्या आणि पुढचं सगळं २७ ते ३० अंशांवर वॉटरबाथमध्ये करा. बाटली घुसळू नका, साबणच तो, फेस होतो.

आधी सोन्याचे बारीक कण बनवायचे, ते बीज; मग ते वाढीच्या द्रावणात घालून त्यांचे रॉड वाढवायचे. बीजाचं द्रावण बिघडतं ते बोरोहायड्राइडमुळे (सोन्याच्या क्षारातून सोनं बाहेर काढणारं रसायन). पाण्यात ते आपोआप हायड्रोजन सोडून मरतं, त्यामुळे काल केलेलं आज चालत नाही. बर्फाच्या पाण्यात ऐन वेळी बनवा. सीटॅब आणि सोन्याच्या क्षाराच्या १० मिलि मिश्रणात ०.०१ मोलरचं ०.६ मिलि, जोरात ढवळत, एकदम ओता. थेंबथेंब नको. रंग कोऱ्या चहासारखा पिवळट तपकिरी हवा. लाल आला तर कण मोठे झाले, ओतून टाका आणि नव्याने सुरुवात करा.

वाढीच्या द्रावणात (सीटॅब, सोन्याचा क्षार आणि सिल्व्हर नायट्रेट) अॅस्कॉर्बिक आम्ल पडलं की नारंगी रंग जाऊन ते पाण्यासारखं होतं. बीज घालायच्या आधीच लाली आली तर काचेला जुनं सोनं चिकटलेलं असतं. भांडी अॅक्वा रेजियाने धुवा (हायड्रोक्लोरिक तीन भाग, नायट्रिक एक, फ्यूमहूडमध्येच, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही), मग डिस्टिल्ड पाण्याने. बोअरचं पाणी इथे कशालाच नको.

सगळं बरोबर असून रॉड नाहीत? सीटॅबचा लॉट बदललाय का बघा. त्यातलं किंचितसं आयोडाइडही रॉड होऊ देत नाही. आम्ही यात दोन आठवडे घालवले, दोष मात्र सिल्व्हर नायट्रेटला देत बसलो.

जास्तीचा सीटॅब काढायला सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कण तळाशी बसवणारं यंत्र) दोनदा पुरे. तिसऱ्यांदा सीटॅब इतका धुतला जातो की कण एकमेकांना चिकटतात, द्रावण करडं पडतं.

स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घेताना अॅब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) दोनच्या वर गेला तर द्रावण विरळ करा, नाहीतर शिखर चपटं येतं. रॉड असतील तर दोन शिखरं दिसतात: रॉडच्या जाडीचं (आडवं) ५२०च्या आसपास, लांबीचं ६५० नॅनोमीटरच्या पुढे. ५३०ला एकच शिखर आलं तर रिपोर्टात 'आखूड रॉड' लिहू नका. ते गोळेच आहेत.