मुलाखतींवरून युजरचे गट पाडताना

ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्यांचे वय आणि नोकरीवरून पाडलेले गट ती डिझाइन करताना फारसे कामाला येत नाहीत. वागण्यावरून पाडा.

१. कागदावर सातआठ आडव्या रेषा आखा. एक रेषा म्हणजे एक सवय: एका टोकाला ‘फॉर्म एका बैठकीत भरतो’, दुसऱ्या टोकाला ‘अर्धवट सोडून परत येतो’.

२. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि तो प्रत्येक रेषेवर टाका. जागा काटेकोर नको, कोण कोणाच्या शेजारी येतं ते बघा.

३. तेच क्रमांक बऱ्याच रेषांवर एकत्र दिसले, की झाला गट. त्या सवयींचा एकमेकींशी संबंध मात्र लागला पाहिजे, नाहीतर योगायोग समजा.

४. नाव वागण्यावरूनच: ‘आधी विचारून घेणारा’. फोटोबिटो नसला तरी चालतं.

‘मी असं करेन’ यावर क्रमांक टाकू नका. मागच्या वेळी प्रत्यक्ष काय केलं, तेवढंच धरा.