नाशिकला गाडी आणलीत? मग चलन, समन्स आणि कोर्टाचं आधी समजून घ्या

धुळे-जळगावकडून अंबड-सातपूरला कामाला आलेल्या आपल्या माणसांना सुरुवातीला भलतीच धास्ती असते: एमएच १८ नाहीतर १९ ची नंबरप्लेट बघून पोलीस धरतील. प्लेटचं काही नाही. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नाशिकचा एमएच १५ घ्यावा लागत नाही. कायमचा पत्ता बदलला असेल तर आरटीओत तेवढी नोंद करा. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मात्र इथला नंबर घ्यावा लागतो. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात.

गोंधळ होतो तो पुढे. मुंबई नाक्याला सिग्नल तोडला, मोबाइलवर ई-चलन आलं, की माणूस घरी सांगतो, "माझ्यावर केस झाली." अहो, ती अजून कोर्टात गेलेलीच नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ठरलेली रक्कम भरली, की तडजोड होऊन त्या गुन्ह्याचा खटला होत नाही. तुम्ही दोषी ठरत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्यात मेख मारून ठेवली आहे. तोच गुन्हा पुन्हा केलात, तर तडजोडीने मिटलेला आधीचा गुन्हाही मोजला जातो. लायसन्सवरची कारवाईही पैसे भरल्याने टळत नाही.

मेसेजमधल्या लिंकवरून एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर हात लावू नका. तो ठगांचा धंदा आहे. चलन बघायचं ते महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर नाहीतर सरकारी ई-चलन वेबसाइटवरच.

पैसे भरलेच नाहीत, तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकतं आणि समन्स येतं. जिल्हा कोर्ट सीबीएसजवळच (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच) आहे, शोधावं लागत नाही. किरकोळ गुन्ह्यात कलम २०८ खाली वकील पाठवता येतो, किंवा गुन्हा कबूल असल्याचं रजिस्टर पत्राने कळवून समन्सात लिहिलेली रक्कम पाठवता येते. मात्र कोर्टातली कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती तडजोड नव्हे. म्हणून फोटोतली गाडी तुमची नसेल, तर "जाऊ द्या, भरून टाकू" असं करू नका. आधी ऑनलाइन तक्रार करा. समन्स आलंच तर तारखेला जाऊन बाजू मांडा. समन्स घेऊन घरी बसलात, तर वॉरंट निघू शकतं. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, पण तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नसतं हे माहीत असू द्या.

दारू पिऊन चालवणं या पैसे भरून मिटवायच्या तडजोडीत बसतच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, की प्रकरण थेट कोर्टात. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

अपघातात कुणी जखमी झालं, तर मग चलनाचा हिशोब बाजूलाच राहतो. पोलीस भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी गुन्हा नोंदवतात आणि भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वेगळा चालतो. दुर्दैवाने तुम्हालाच लागलं, तर अपघात गावाकडे झाला असला तरी तुम्ही राहता त्या नाशिकमध्ये दावा लावता येतो.

आणि गावी भाच्याला वापरायला दिलेली किंवा तोंडी व्यवहारात विकलेली जुनी मोटारसायकल? आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत तिची चलनं तुमच्याच मोबाइलवर येणार. तिने कुणाला उडवलं आणि विमा नसला, तर भरपाईसाठी मालक म्हणून तुम्हालाच धरतील. पुढच्या सुट्टीत गेलात की ट्रान्सफरचे फॉर्म सह्या करून आरटीओत देऊन या.