छताच्या पट्टीची कोपऱ्यातली फट: माझा अनुभव

अमळनेरला मावशीच्या जुन्या घरात हॉलला छताची मोल्डिंग पट्टी लावायची होती. सुताराने पट्टी मायटर सॉवर (कोनात लाकूड कापायच्या मशीनवर) आडवी ठेवून ४५ अंशांत कापली. कोपऱ्यात तुकडे जुळेचनात. "भो, पुट्टीनं भरू," तो म्हणाला. मला ते पटलं नाही.

ही पट्टी भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरकी बसते. आडवी कापायची तर पातं फिरवावंही लागतं आणि कलवावंही लागतं. भिंतीशी ३८ अंशांत बसणाऱ्या पट्टीला ते आकडे ३१.६ आणि ३३.९ येतात. एवढं कोण मोजत बसणार! म्हणून आम्ही पट्टी उलटी धरली: छताची कड मशीनच्या टेबलावर, भिंतीची कड मागच्या आधाराला. मग पातं फक्त फिरवायचं. पट्टी सरकू नये म्हणून पुढे एक ठोकळा ठोकला.

तरी एक कोपरा उघडाच. प्लास्टरमुळे तिथे काटकोन नव्हताच. कोनमापक लावला तर कोपरा ९२ अंशांचा निघाला. १८० मधून ९२ वजा करून निम्मे, म्हणजे मशीनवर ४४. ४६ नव्हे, कारण मशीनचा शून्य सरळ कापासाठी असतो.

दुसऱ्या खोलीत मी एक तुकडा सरळ कापून थेट कोपऱ्यात भिडवला, दुसरा आधी ४५ मध्ये कापला आणि मग त्याच्या नक्षीच्या कडेने कोपिंग सॉ (बारीक पात्याची हातकरवत) फिरवून मागचं लाकूड थोडं जास्त काढलं. वेळ जातो, पण भिंत वाकडी असली तरी चालतं. बाहेरच्या कोपऱ्यांना मात्र ही युक्ती लागू नाही.