एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचे लपलेले फोल्डर: काय काढायचं, कशाला हात लावायचा नाही

डिस्क उघडून सगळे फोल्डर सिलेक्ट करा आणि प्रॉपर्टीज बघा. मग खुद्द ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज बघा. पहिला आकडा २०० जीबी आणि दुसरा ३१० जीबी असेल, तर मधले ११० जीबी बहुधा लपलेल्या सिस्टिम फोल्डरांत आहेत. दिसला फोल्डर की डिलीट, असं मात्र करू नका. यातले बरेचसे पुन्हा तयार होतात आणि एक-दोन गेले तर पस्तावाल.

आधी ते दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत शो, त्यात हिडन आयटम्स. एवढ्याने काम अर्धंच होतं. तीन टिंबांच्या मेनूतून ऑप्शन्स उघडा आणि व्ह्यू टॅबवर ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. काम झालं की ती परत लावा. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकदम दाबले की पुरे.

सर्वात जास्त जागा अडवणारा नेहमीचा आरोपी म्हणजे ‘$रीसायकल.बिन’. हार्ड डिस्कवरून डिलीट केलेली फाइल त्याच डिस्कवरच्या बिनमध्ये जाते आणि प्रत्येक युजर अकाउंटचा तिथे वेगळा सबफोल्डर असतो, ‘एस-१-५’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाचा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर डिलीट केलेलं तुमच्या रीसायकल बिनमध्ये दिसतच नाही, म्हणून स्वतःचा बिन कितीदा रिकामा केला तरी जागा सुटत नाही. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून, अर्थात इंग्रजी अक्षरांत, हे टाइप करा:

आरडी /एस /क्यू ई:\$रीसायकल.बिन

‘ई’च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर. ही कमांड काहीही विचारत नाही, त्यामुळे एंटर दाबण्याआधी अक्षर दोनदा बघा. पॉवरशेलमध्ये ती चालवू नका. तिथे डॉलरचा अर्थ वेगळा होतो. रिकामा फोल्डर विंडोज नंतर स्वतःच बनवतं.

‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’मध्ये रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी), शॅडो कॉपी (फाइलींच्या जुन्या अवस्थांच्या प्रती) आणि इंडेक्सिंगची (शोधासाठीच्या यादीची) माहिती असते. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फॉरमॅट पद्धत) डिस्कवर तो उघडायला गेलात की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, कारण परवानगी फक्त सिस्टिम अकाउंटला असते. ओनरशिप घेऊन आत शिरण्याच्या युक्त्या सोडा. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगर उघडून प्रोटेक्शन बंद करा आणि डिलीट दाबा. त्या डिस्कवर विंडोजची सिस्टिम इमेज, म्हणजे अख्ख्या विंडोजचा बॅकअप, घेत असाल तर थांबा: इमेजच्या जुन्या आवृत्त्या शॅडो कॉपीच्या रूपातच तिथे असतात.

मॅकला जोडलेल्या डिस्कवर टिंबाने सुरू होणारी मंडळी येतात. ‘.ट्रॅशेस’ रिकामा करायचा तर डिस्क जोडलेली असताना ट्रॅश रिकामा करा. ‘.स्पॉटलाइट-व्ही१००’ हा सर्चचा इंडेक्स. तो नको असेल तर स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये सर्च प्रायव्हसीत ती डिस्क टाका. एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालणारी फॉरमॅट पद्धत) डिस्क टीव्हीला लावली की प्रत्येक फोटो दोनदा दिसतो आणि त्यातला एक उघडत नाही, तो टिंब-अंडरस्कोअरवाल्या फाइलींचा प्रताप. मॅकची जादा माहिती ठेवायला एक्सफॅटमध्ये जागा नसते, म्हणून ती अशा छोट्या फाइलीत जाते. टर्मिनलमधली ‘डॉट_क्लीन’ कमांड ही माहिती मूळ फाइलीशी जुळवण्यासाठी आहे.

‘फाउंड.०००’ दिसला तर गोष्ट वेगळी. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या टूलला सापडलेले फाइलींचे तुकडे त्यात ठेवलेले असतात. इजेक्ट न करता केबल ओढल्याने असं होतं, किंवा डिस्क खराब होत असते. आधी बॅकअप घ्या, बाकी नंतर. लिनक्सच्या ‘लॉस्ट+फाउंड’ला मात्र तसंच राहू द्या.

तुमचेच फोल्डर गायब होऊन त्यांच्या नावाचे शॉर्टकट उरले असतील तर तो व्हायरस. शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘ई’च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर घालून, इंग्रजीत हे टाइप करा:

ॲट्रिब -एच -एस -आर /एस /डी ई:\*.*

प्रॉपर्टीजमधली हिडनची टिक करडी दिसते आणि निघत नाही, कारण फोल्डरला सिस्टिमचा शिक्काही लागलेला असतो. या कमांडमधला ‘-एस’ तो पुसतो. फोल्डर दिसू लागल्यावर उरलेले शॉर्टकट हाताने काढा.