केळीला थंडी बाधते ती सालीच्या आत

थंडीत खोबरेल तेल गोठते आणि शेंगतेल पातळच राहते, हे आपल्या घरात सगळ्यांनीच पाहिले आहे. खोबरेलातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना खेटून बसतात. शेंगतेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मध्येच वाक असतो, त्यामुळे त्या दाटीने बसत नाहीत. केळीच्या बागेत डिसेंबर-जानेवारीत जे घडते ते समजायला एवढे पुरेसे आहे.

झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा दुपदरी पडदा असतो. गहू थंडीची चाहूल लागताच या पडद्यात वाकलेल्या साखळ्या वाढवतो, म्हणून पडदा मऊ राहतो. केळी मूळची उष्ण, दमट मुलखातली. तिला हे फारसे साधत नाही. पारा 13 अंशांखाली बराच वेळ राहिला की पडदा ताठरतो आणि झिरपू लागतो. पेशीत वेगवेगळी राहणारी फिनॉल द्रव्ये आणि विकरे (एन्झाइम) मग एकत्र येतात आणि तपकिरी रंग धरतो.

बाहेरून घड हिरवागार दिसतो, फसगत इथेच होते. एका केळ्याची साल ब्लेडने हलकीच खरवडून बघा. आत तपकिरी रेघा दिसल्या आणि चीकही नेहमीसारखा वाहिला नाही, तर थंडी लागली आहे. असा माल पिकल्यावर लख्ख पिवळा होत नाही, धुरकट राखाडी दिसतो. हा बिघाड नंतर कशानेही भरून येत नाही, म्हणून जे करायचे ते आधीच.

करमाळा, माढा भागातल्या बागाईतदारांनी ठिबक रात्री उशिरा किंवा पहाटे चालवावे. विहिरीचे पाणी थंड हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घाला. हिरवी पाने उगाच छाटू नका, घडावरचे छप्पर तेच आहे. वाऱ्याच्या बाजूला वारा अडवणारी शेवरीची झाडे नसतील तर यंदा शेडनेट बांधा, शेवरी पुढच्या लागणीबरोबर लावा. ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात थंड हवा साचते. तापमापक तिथे, घडाच्या उंचीवर टांगा. बांधावरच्या खांबावर टांगून उपयोग नाही.

काढणीनंतरही हाच नियम. शीतगृहात केळी 13 ते 14 अंशांवरच ठेवायला सांगा, आणि भरलेली गाडी रात्रभर उघड्यावर उभी करू नका.