सोरायसिसमध्ये जंतू मारायच्या नादात या चुका करू नका

आमच्या दादाच्या कोपरांवर सोरायसिस आहे, म्हणजे लाल चट्टे आणि त्यावर पांढऱ्या खपल्या, सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतो तो. सुरुवातीला ज्यानं त्यानं हेच सांगितलं की जंतू झालेत, घासून काढ. मग रोज कडकडीत पाणी, त्यात झाकणभर अँटिसेप्टिक आणि टाचा घासायच्या वजरीनं कोपर घासायचं. पांढरी खपली निघाली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे आणि थोड्या दिवसांत चट्टा अजून रुंद.

सगळ्यात मोठी चूक हीच. सोरायसिस घाणीनं होत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती भडकलेली असते आणि कातडी नवी व्हायला जिथं साधारण महिना लागतो तिथं ती ३ ते ५ दिवसांत वर येते म्हणून खपल्या साचतात. वर जिथं खरचटेल तिथं नवा चट्टा उठू शकतो. जंतू तर सगळ्यांच्याच अंगावर असतात हो, बरेचसे राखणदारच. चट्ट्यावर त्यांचा मेळ बिघडलेला सापडतो हे खरं, पण म्हणून सगळेच मारले तर उरलेली राखणही जाते. साध्या साबणाचा पीएच (आंबटपणा-खारेपणाचं माप) ९-१० म्हणजे खारा आणि कातडीचा ५ च्या आसपास म्हणजे जरा आंबट, त्यात ती अजूनच कोरडी पडते. हळदीच्या गावात राहतो म्हणून लेपही लावून झाला, वाळलेला लेप काढताना खपलीच ओढली गेली.

एका जंतूकडे मात्र दुर्लक्ष नको, तो म्हणजे घशातला स्ट्रेप्टोकॉकस. लहान पोरांचा, तरुणांचा घसा दुखून गेला आणि २-३ आठवड्यांनी पोटापाठीवर थेंबाएवढे लाल ठिपके उठले तर तोही सोरायसिसच असू शकतो, डॉक्टरांना घशाचं आवर्जून सांगा, नुसती कातडी दाखवून येऊ नका.

मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम, हे तर नकोच. चार दिवस छान वाटतं, पुढं कातडी पातळ होते आणि अचानक बंद केलं की उसळी मारून येतं. स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनचं त्याहून वाईट.

आणि घरातल्यांनो, टॉवेल वेगळा ठेवू नका, हा रोग लागत नाही. आमच्याकडे वेगळा ठेवलेला, दादा गप्प बसायचा.

आता तो कोमट पाण्यानं अंघोळ करतो, अंग टिपतो आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन लावतो, बाकी औषध त्वचारोगतज्ज्ञाचं. अंगभर लाली आली, पू भरलेले फोड उठले किंवा सोबत ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.